सिमेंटचा पत्रा फोडून राडारोड्यात टाकता येत नाही

‘ॲस्बेस्टॉस सिमेंटमध्ये पक्का बसलेला असतो, त्यामुळे जुना पत्रा फोडून राडारोड्यात टाकला तरी चालतो,’ असं छप्पर उतरवणारे ठेकेदार वर्षानुवर्षं सांगत आलेत. हे चूक आहे. पत्रा अखंड असेपर्यंतच ॲस्बेस्टॉस या खनिजाचे बारीक तंतू धरलेले राहतात. घण पडला किंवा ग्राइंडर लागला की ते धुळीबरोबर थेट फुप्फुसात जातात.

घातक व इतर कचरा नियम, 2016 च्या पहिल्या अनुसूचीत, ॲस्बेस्टॉसच्या उत्पादनाच्या व औद्योगिक वापराच्या सदरात, टाकून दिलेला ॲस्बेस्टॉस स्पष्ट नोंदलेला आहे. त्यामुळे कारखान्याच्या छपराचे पत्रे भंगारवाल्याला देऊ नका; ते तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरीसारख्या घातक कचऱ्याच्या अधिकृत विल्हेवाट केंद्रात, नमुना 10 च्या चलनासह (कचरा वाहतुकीची नोंद) पाठवा.

खरी गडबड गंजलेल्या जे-बोल्टपाशी, म्हणजे पत्रा छपराच्या सांगाड्याला धरून ठेवणाऱ्या वाकड्या बोल्टपाशी, होते. नट फिरत नाही म्हणून माणूस पत्राच हिसकतो आणि भोकाभोवती तो फुटतो. आधी पत्रा साबणाच्या पाण्याने फवारून भिजवा, बोल्टचा दांडा खालून हाताच्या बोल्ट-कटरने तोडा, पत्रा अखंड उतरवा. लगेच जाड प्लास्टिकच्या दुहेरी थरात गुंडाळून चिकटपट्टी लावा. कापडी मास्क निरुपयोगी. अतिबारीक धूळ अडवणारा एफएफपी-३ दर्जाचा मास्क हवा, तोही दाढी काढून, नाहीतर कडेने हवा शिरते. उरलेली धूळ झाडू नका, ओल्या फडक्याने टिपा आणि फडकंही त्याच प्लास्टिकमध्ये बांधा.