प्रभुभोजन टाळणे म्हणजे आत्मपरीक्षण नव्हे

"घरात भांडण झालंय, मी अयोग्य आहे, या वेळी प्रभुभोजन घेणार नाही." प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस घेण्याचा विधी, टाळण्याचे हे कारण आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांत पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येते. आधार म्हणून बायबलमधील १ करिंथ ११:२७, म्हणजे प्रेषित पौलाने करिंथ शहरातील मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रातील वचन, पुढे केले जाते.

पण 'अयोग्य माणसाने खाऊ नये' असे पौलाने लिहिलेलेच नाही. मूळ ग्रीक शब्द क्रियाविशेषण आहे: 'अयोग्य प्रकारे'. तो खाण्याच्या रीतीविषयी आहे, खाणाऱ्याच्या लायकीविषयी नाही. करिंथात ती रीत कशी होती, हे २१व्या आणि २२व्या वचनांत उघड दिसते. कोणी आधीच खाऊन-पिऊन धुंद होई, कोणी उपाशी राही, आणि ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना लाजवले जाई. पौलाला चीड होती ती याची! २८व्या वचनात तर स्वतःची परीक्षा करून मग खावे, असे आहे. दूर राहा, असे नाही.

भांडणाबद्दल मत्तयाच्या शुभवर्तमानातील ५:२४ हे वचन स्पष्ट आहे: आधी समेट कर, मग येऊन अर्पण कर. 'मग येऊन' हे शब्द आपण गाळतो, याचे मला फार दुःख वाटते.

त्याच रात्री प्रभूला नाकारणारा त्याचा शिष्य पेत्रही येशूने स्वतः दिलेल्या पहिल्या प्रभुभोजनाला बसलेला होता.