झूम फिरवला आणि दिवे धावले

रात्रीच्या दिव्यांचा फोटो. प्रत्येक दिव्यातून एक रेघ निघून कडेच्या दिशेने सुसाट गेलेली. पाहणाऱ्याला वाटतं, कॅमेरा भरधाव पुढे जात असणार. प्रत्यक्षात तो ट्रायपॉडवर ढिम्म उभा होता. शटर उघडं असताना फिरली ती फक्त लेन्सवरची झूमची रिंग. छायाचित्रकार याला झूम बर्स्ट म्हणतात.

रेघा मध्यातूनच का फुटतात, हे कळायला शाळेतलं गणित पुरतं. फोकल लेंथ, म्हणजे पाठ्यपुस्तकातलं नाभीय अंतर, दुप्पट केलं की दूरच्या दृश्याची सेन्सरवरची, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पटलावरची, प्रतिमाही दुप्पट होते. ३५ मिलिमीटरच्या झूमवर एखादा दिवा मध्यापासून ४ मिमीवर उमटत असेल, तर ७० वर तो ८ मिमीवर जातो. रेघ ४ मिमीची. ८ मिमीवरचा १६ वर जातो, त्याची रेघ ८ मिमीची. आणि बरोबर मध्यावरचा? शून्याची दुप्पट शून्यच, तो जागचा हलत नाही. म्हणून ज्याच्याकडे नजर जावी असं वाटतं ते मधोमध ठेवायचं. विषय एका बाजूला घेण्याचा तो प्रसिद्ध तृतीयांशाचा नियम इथे खुशाल खुंटीला टांगावा.

मेंदू फसतो त्यालाही कारण आहे. आपण पुढे चालतो तेव्हा भोवतालचं दृश्य समोरच्या एका बिंदूपासून चहूकडे पसरत जातं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वैमानिकांच्या नजरेचा अभ्यास करणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स गिब्सन यांनी या प्रवाहाकडे लक्ष वेधलं. झूम बर्स्ट नेमकी तीच खूण उचलतो, पण नक्कल पुरती साधत नाही. खरोखर पुढे गेलं तर जवळचा खांब झपाट्याने सरकतो आणि दूरचा डोंगर जवळजवळ हलत नाही. झूमला मात्र जवळ-दूर कळत नाही. खांब आणि डोंगर मध्यापासून सारख्याच अंतरावर उमटले, तर दोघांच्या रेघा सारख्याच लांब. या फोटोंमध्ये जी किंचित अवास्तव, स्वप्नातली वाटणारी गती असते, तिचं मूळ मला यात दिसतं.

झूम आत घ्यावा की बाहेर, यावर लोक तावातावाने बोलतात. सेन्सरला त्याचं सोयरसुतक नसतं. तो आलेला प्रकाश फक्त साठवत जातो, आधी काय आलं आणि नंतर काय, याची नोंद ठेवत नाही. ३५ वरून ७० ला गेलात काय किंवा ७० वरून ३५ ला आलात काय, वेग तोच असेल तर बेरीज तीच. फरक पडतो तो कुठे किती वेळ थांबलात याने. २ सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये, म्हणजे शटर २ सेकंद उघडं असताना, पहिला एक सेकंद रिंगला हात न लावता जाऊ दिला, तर निम्मा प्रकाश एकाच जागी पडतो. विषय ओळखू येतो आणि रेघा त्यावर फिकट पसरतात. सुरुवात करणाऱ्याने हे आधी करून पाहावं. बऱ्याच झूम लेन्सचा फोकस झूम बदलताना किंचित सरकतो, तेव्हा जिथे थांबणार तिथेच फोकस करून तो मॅन्युअलवर टाकावा.

रात्री १-२ सेकंद सहज मिळतात. भर उन्हात मात्र आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० इतका कमी आणि लेन्सचं छिद्र एफ/१६ इतकं लहान ठेवूनही एक्स्पोजर साधारण १/१०० सेकंदाचंच येतं. एवढ्यात रिंग हलवणार किती? त्यासाठी लेन्सवर काळसर एनडी फिल्टर लावतात. एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा; सहा स्टॉपचा फिल्टर तो ६४ पट कमी करतो, म्हणजे हातात अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त वेळ येतो. रिंग अडखळली की रेघेत गाठी पडतात, कॅमेरा हलला की ती नागमोडी होते. कधी रेघेऐवजी ठिपक्यांची माळ उमटते, आणि तेव्हा दोष हाताचा नसतो. ५० हर्ट्झच्या विजेवर चालणारे अनेक स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते कळत नाही, पण सरकणारी प्रतिमा प्रत्येक लुकलुक वेगळ्या जागी टिपते. जुन्या तारेच्या बल्बची रेघ अखंड येते, कारण तापलेली तार इतक्यात निवत नाही.

हे सगळं संगणकावर एका क्लिकमध्ये होतं की, असं कुणी म्हणेल. होतं, पण दिव्यांपाशी फसतं. समजा, सेन्सरचा एक पिक्सेल जितका प्रकाश धरू शकतो त्याच्या ५० पट प्रकाश दिव्याकडून येतोय. साध्या फोटोत तो पिक्सेल काठोकाठ भरतो आणि उरलेल्या ४९ हिश्शांची नोंदच होत नाही. नंतर संगणक हा एक हिस्सा ५० पिक्सेलांवर पसरतो, तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम २ टक्के येतात. रेघ राखाडी, मरगळलेली. शटर उघडं असताना झूम फिरवला तर तोच प्रकाश ५० पिक्सेलांवर खरोखर वाटला जातो आणि प्रत्येक जण काठोकाठ भरतो. वेगवेगळ्या एक्स्पोजरचे फोटो जोडून दिव्याचं खरं तेज संगणकाला कळवलं, तर त्यालाही हे जमतं. पण तेवढ्या खटाटोपात रिंग वीस वेळा फिरवून होते.