पार्श्वभूमी: २ चा ७,४२,०७,२८१ वा घात उणे १ ही संख्या नेमकी कधी सापडली?

दशमान पद्धतीत ही संख्या लिहिली तर २,२३,३८,६१८ अंक होतात. सुरुवात ३००३७६ अशी, शेवटचा अंक १. द्विमान पद्धतीत मात्र नुसता १ हा अंक ७,४२,०७,२८१ वेळा ओळीने उभा. ती मूळ (१ आणि स्वतः यांखेरीज कशानेही भाग न जाणारी) असल्यामुळे तिच्यापासून ४,४६,७७,२३५ अंकी परिपूर्ण संख्याही (स्वतःखेरीजच्या विभाजकांच्या बेरजेइतकी संख्या) मिळते.

अशा, म्हणजे २ च्या घातातून १ वजा करून मिळणाऱ्या, मर्सेन संख्यांचा इतिहास सतराव्या शतकातल्या एका यादीपासून सांगतात. त्या यादीत चुका होत्या. २ चा ६७ वा घात उणे १ तिच्यात मूळ म्हणून होता, आणि तो तसा नाही हे पुढे सिद्ध झाले. आपल्या संख्येसाठी महत्त्वाची आहे ती विसाव्या शतकात पक्की झालेली चाचणी: ४ पासून सुरू करा, वर्ग करा, २ वजा करा, तपासायच्या मर्सेन संख्येने भागून बाकी घ्या, आणि हेच पुन्हा पुन्हा करा. इथे हे ७,४२,०७,२७९ वेळा करावे लागते. शेवटी बाकी शून्य उरली की निकाल लागला. एका साध्या संगणकाला त्यासाठी ३१ दिवस लागले.

ती शून्य बाकी १७ सप्टेंबर २०१५ रोजी मिळाली आणि संगणकाने ती अशा संख्या शोधणाऱ्या GIMPS या प्रकल्पाच्या सर्व्हरला कळवलीही. पण सूचनेचा ईमेल एका त्रुटीमुळे गेलाच नाही. नेहमीच्या देखभालीत ७ जानेवारी २०१६ ला कुणाच्या तरी नजरेस पडेपर्यंत निकाल ११२ दिवस तसाच पडून होता. अधिकृत तारीख दिली गेली ती जानेवारीची.

याला आधार १९६१ चा. तेव्हा एकाच छापील निकालात घातांक ४२५३ आणि ४४२३ यांच्या दोन मूळ संख्या होत्या. वाचणाऱ्याने कागद मागून पाहिले, मोठी आधी दिसली. म्हणून ४२५३ ची संख्या कधीच ‘सर्वांत मोठी ज्ञात’ नव्हती, असे ठरले. माणसाने पाहिले तोच शोध.

मला हा दाखला इथे तोकडा वाटतो. तिथे काही सेकंदांचा प्रश्न होता, इथे जवळजवळ चार महिन्यांचा. पहिल्या गणनेत यंत्राची चूक असू शकते, म्हणून वेगळ्या यंत्रांवर पडताळणी हवी, हा आक्षेप खरा आहे. पण मग तारीख पडताळणीची द्यावी, नजर पडल्याची नव्हे. सिद्धतेतली शेवटची पायरी सप्टेंबरातच झाली होती. २००९ मध्येही एक निकाल १२ एप्रिलला आला आणि ४ जूनला लक्षात आला, तरी नियम सैलच राहिला.

२६ डिसेंबर २०१७ ला घातांक ७,७२,३२,९१७ ची संख्या सापडली आणि हिचा ‘सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या’ हा मान गेला. ऑक्टोबर २०२४ मध्ये घातांक १३,६२,७९,८४१ ची संख्या (४,१०,२४,३२० अंक) ११ तारखेला ‘संभाव्य मूळ’ ठरली, १२ ला निर्णायक चाचणीत उतरली. नोंद १२ तारखेचीच आहे, आणि ‘संभाव्य’ व ‘सिद्ध’ यांतला हा फरक तिथे नीट पाळला गेला.