हात थरथरतो म्हणून प्रोसिजर जमणार नाहीत?

कोल्हापुरात डॉक्टरकीची इंटर्नशिप सुरू झाली की वॉर्डात कुणीतरी सांगतंच, ‘ज्याचा हात कापतो, त्याला प्रोसिजर, म्हणजे सुई लावण्यासारखी हाताची कामं, कधी जमायच्या नाहीत.’ हे साफ चुकीचं आहे. बारीक थरथर प्रत्येक निरोगी हातात असते. घाबरलं की ॲड्रिनॅलिनमुळे ती वाढते, एवढंच. सरावाने ती आटोक्यात येते.

माझी पहिली इंट्राकॅथ (सुईवर बसवलेली, शिरेत ठेवायची प्लास्टिकची बारीक नळी) करवीर तालुक्यातल्या एका मावशींना लावायची होती. गुलाबी, २० नंबरची. शीर ठसठशीत, पण माझा हात थांबेना. शेजारच्या सिस्टर हळूच म्हणाल्या, ‘करंगळी त्यांच्या हातावर टेकवा.’ टेकवली आणि फरक लगेच जाणवला.

मग कातडी ताणून धरायची, सुई साधारण २० अंशांत घालायची. सुईच्या मागच्या टोकात रक्त दिसलं की कोन कमी करून किंचित पुढे जायचं, आणि सुई तिथेच धरून फक्त प्लास्टिकची नळी सरकवायची. ट्रे उघडण्याआधी हा क्रम मनात म्हणा. मला याचा सगळ्यात जास्त उपयोग झाला. दोनदा चुकलं, तर मात्र सीनियरला हाक मारा, लाजू नका.

मावशी नंतर म्हणाल्या, ‘दुखलं न्हाई रं पोरा.’