यांत्रिक ताणाचा चुंबकीय पदार्थांवरील परिणाम

लोखंड, निकेल यांसारखा चुंबकीय पदार्थ ओढला, दाबला, वाकवला किंवा ठोकला, की त्याचे चुंबकीय गुणधर्म बदलतात. इटालियन भौतिकशास्त्रज्ञ एमिलिओ व्हिलारी यांनी १८६५ मध्ये हा परिणाम मांडला. चुंबकन झाल्यावर लोखंडाची लांबी किंचित बदलते, ही त्याची उलट बाजू जेम्स जूल यांना १८४२ मध्येच आढळली होती.

या दोन्ही गोष्टी एकमेकींशी घट्ट बांधलेल्या आहेत. चुंबकन होताना जो पदार्थ लांबतो, तो ओढून धरल्यास त्या दिशेने अधिक सहज चुंबकित होतो. निकेलचे उलट: चुंबकन झाल्यावर ते आखडते (एक मीटर कांडी सुमारे ०.०३५ मिलिमीटरने), म्हणून ताणल्यावर त्याची चुंबकीय पार्यता (चुंबकित होण्याची सहजता) घटते आणि दाबल्यावर वाढते. लोखंड तर दोन्हीकडचे: क्षीण चुंबकीय क्षेत्रात ओढल्याने त्याचे चुंबकन वाढते, तीव्र क्षेत्रात कमी होते. ताणामुळे पदार्थातील डोमेनची (एकाच दिशेने चुंबकित असलेल्या सूक्ष्म भागांची) सोयीची दिशा बदलते, हे याचे मूळ.

ठाण्याच्या वागळे इस्टेटीत किंवा नवी मुंबईच्या ठाणे-बेलापूर पट्ट्यात ट्रान्सफॉर्मर, मोटारी यांच्याशी ज्यांचा संबंध येतो, त्यांच्यासाठी हा विषय रोजच्या कामाचा आहे. प्रेसमधून नुकत्याच निघालेल्या सिलिकॉन पोलादाच्या स्टॅम्पिंगच्या (साच्याने कापलेल्या पत्र्याच्या) कडेवरून नख फिरवले तर बर (कापताना उरलेली धारदार कोर) लागते. बर घासून काढता येते. पण कापताना कडेलगतच्या पत्र्यात मुरलेला ताण डोळ्यांना दिसत नाही आणि घासून जातही नाही. त्या पट्टीत पार्यता घसरते, हिस्टेरेसिसने (चुंबकन क्षेत्राच्या मागे रेंगाळल्याने) वाया जाणारी ऊर्जा वाढते. स्टॅम्पिंग जितके अरुंद, तितका नुकसानीचा वाटा मोठा. उपाय अनीलिंगचा: पत्रे साधारण ७५० ते ८०० अंश सेल्सिअसला नियंत्रित वायूत तापवून सावकाश थंड करायचे. त्यानंतर मात्र कोअर (पत्र्यांचा गाभा) बसवताना हातोड्याने ठोकणे म्हणजे भट्टीतली सारी मेहनत वाया घालवणे आहे. म्यूमेटल या निकेल-लोह मिश्रधातूची, चुंबकीय क्षेत्र अडवणारी ढाल तर नुसती हातातून पडली तरी तिचा दर्जा उतरतो.

हाच परिणाम उपयोगीही पडतो. फिरत्या दांड्यावरील पिळाचे बल त्याला हात न लावता मोजता येते.

खडकांतील मॅग्नेटाइट या चुंबकीय लोहखनिजावरही ताणाचा असाच परिणाम होतो: दाबाच्या दिशेने त्याची चुंबकनक्षमता कमी होते. नवीन पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या अभ्यासविषयाला हा धागा जवळचा आहे. आपल्याकडे पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र ४०,००० नॅनोटेस्लांहून (नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक) अधिक असते, तर भूकवचातील ताणाने होणारा बदल सहसा काही नॅनोटेस्लांचाच.