संगीतनिर्मिती सॉफ्टवेअर : प्रारंभिक अध्ययन

संगणकावर ध्वनिमुद्रण, स्वररचना, संपादन आणि मिश्रण ही कामे एकाच पडद्यावर करता येणारे सॉफ्टवेअर हाताळण्यास शिकणे. अशा सॉफ्टवेअरला डिजिटल ऑडिओ वर्कस्टेशन म्हणतात. प्रो टूल्स, क्यूबेस, लॉजिक प्रो, एफएल स्टुडिओ, एबलटन लाइव्ह, रीपर ही त्यांतील प्रचलित नावे होत.

या प्रकारातले पहिले सॉफ्टवेअर कोणते, याविषयी एकवाक्यता नाही. काही अभ्यासक बेल लॅबोरेटरीजमधील मॅक्स मॅथ्यूज यांच्या १९५७ च्या ‘म्युझिक’ प्रोग्रॅमपासून आरंभ धरतात. आयबीएम ७०४ संगणकावर त्यातून सुमारे १७ सेकंदांची रचना निर्माण झाली. परंतु सूचना आधी लिहून द्यायच्या आणि ध्वनी नंतर ऐकायचा, अशी ती पद्धत असल्याने हा दावा ताणलेला वाटतो. दुसरे मत टॉमस स्टॉकम यांच्या साउंडस्ट्रीम कंपनीकडे बोट दाखवते. तिने १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात मिनीकॉम्प्युटरच्या डिस्कवर ध्वनी साठवून पडद्यावर त्याची कापाकापी करण्याची यंत्रणा उभारली. तिसऱ्या मतानुसार डिजिडिझाइन कंपनीचे साउंड टूल्स (१९८९) आणि त्यानंतरचे चार ट्रॅकांचे, म्हणजे चार स्वतंत्र ध्वनिपट्ट्यांचे, प्रो टूल्स (१९९१) हाच खरा आरंभ होय. कारण मॅकिंटॉशसारख्या वैयक्तिक संगणकावर हे काम त्यामुळे रुळले.

तिन्ही मते ध्वनिमुद्रणाच्या अंगानेच विचार करतात. सिक्वेन्सरची, म्हणजे स्वरांच्या सूचना क्रमाने नोंदवून वाद्यांकडून वाजवून घेणाऱ्या साधनाची, परंपरा निराळी आहे. वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्ये एकमेकांशी जोडणारे मिडी हे मानक १९८३ मध्ये आले, १९८५ च्या अटारी एसटी संगणकाला मिडीची खोबण मुळातच होती, आणि त्यावर १९८९ मध्ये क्यूबेस अवतरले. त्यात ध्वनी साठवला जात नसे. कोणती पट्टी केव्हा, किती जोराने दाबली, एवढीच नोंद राही. १९९० च्या सुमारास ऑपकोड कंपनीच्या स्टुडिओ व्हिजनमध्ये दोन्ही प्रवाह एकत्र आले. आजच्या अर्थाने या सॉफ्टवेअरचा जन्म या संगमापासून मानणे अधिक सयुक्तिक ठरेल. पुढे क्यूबेस बनवणाऱ्या स्टाइनबर्ग कंपनीने व्हीएसटी प्लगइनचे (मुख्य सॉफ्टवेअरला जोडायच्या पूरक प्रोग्रॅमांचे) मानक १९९६ मध्ये खुले केले आणि १९९९ मध्ये त्यात सॉफ्टवेअर-वाद्यांचीही भर घातली; त्यामुळे बाह्य यंत्रांची गरज बरीच कमी झाली.

नवशिक्याचा पहिला गोंधळ नेमका या सांध्यावर होतो. ऑडिओ ट्रॅकमध्ये प्रत्यक्ष ध्वनिलहर असते, मिडी ट्रॅकमध्ये केवळ सूचना. कीबोर्ड वाजवला, ट्रॅकवरचा मीटर हलला, पण आवाज नाही, ही तक्रार बहुधा ट्रॅकला वाद्य जोडले नसल्याची असते. मिडीत स्वरांना ० ते १२७ असे क्रमांक असतात आणि मध्य सी म्हणजे ६०. आघाताचा जोरही त्याच मापात मोजतात. म्हणून मिडीतला चुकलेला स्वर पियानो रोलमध्ये (स्वर आडव्या पट्ट्यांच्या रूपात दाखवणाऱ्या खिडकीत) उचलून दुसरीकडे ठेवता येतो, वाद्यही मागाहून बदलता येते. मुद्रित आवाजाचा स्वर किंवा वेग बदलायचा तर संगणकाला तो ताणावा वा आकसावा लागतो आणि बदल मोठा असेल तर ते कानाला कळते.

क्वांटाइझ, म्हणजे पुढेमागे पडलेला स्वर लयीच्या जवळच्या रेषेवर आपोआप ओढणे, हे दुसरे फसवे ठिकाण. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत एक ठोका अर्ध्या सेकंदाचा, तर सोळाव्या हिश्श्याचे घर १२५ मिलिसेकंदांचे होते. स्वर ४० मिलिसेकंद उशिरा पडला तर तो आपल्या रेषेवर ओढला जातो. ७० मिलिसेकंद उशिरा पडला तर पुढची रेषा जवळची ठरते आणि तो तिच्यावर जाऊन बसतो. दुरुस्त करायला गेलेली लय बिघडते ती अशी. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये हे ओढणे टक्केवारीने कमी करता येते, आणि सुरुवातीला ५० टक्के पुरेसे असते.

गाताना हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येणे याला लेटन्सी म्हणतात. संगणक ध्वनीचे नमुने (ठराविक अंतराने घेतलेली मोजमापे) सुटे न हाताळता बफर नावाच्या गठ्ठ्यांत हाताळतो. सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले जात असतील तर २५६ नमुन्यांचा बफर भरायला सुमारे ५.८ मिलिसेकंद आणि १,०२४ नमुन्यांचा भरायला सुमारे २३.२ मिलिसेकंद लागतात. ध्वनी आत येताना आणि बाहेर जाताना असा दोनदा हा विलंब होतो, शिवाय ध्वनीचे आकड्यांत आणि आकड्यांचे ध्वनीत रूपांतर करणाऱ्या रूपांतरकाचा वेळ वेगळा. म्हणून मुद्रण करताना बफर लहान ठेवतात आणि मिश्रणाच्या वेळी प्लगइनचा भार पेलावा म्हणून मोठा करतात.

पातळीबाबत टेपच्या काळातली सवय अजून शिकवली जाते : खरखर दबावी म्हणून आवाज लाल रेषेला भिडेल एवढा भरून घ्यावा. १६ बिटांचा गतिविस्तार, म्हणजे सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातले अंतर, सैद्धांतिकदृष्ट्या सुमारे ९६ डेसिबल, २४ बिटांचा सुमारे १४४. त्यामुळे २४ बिटांत मुद्रण करताना शिखरे शून्याच्या (डिजिटल मापातील कमाल पातळीच्या) १० ते १२ डेसिबल खाली राहिली तरी काही बिघडत नाही. उलट रूपांतरकातच आवाज फाटला तर तो नंतर फेडर (पातळी कमी-जास्त करणारी सरकपट्टी) खाली ओढून सुधारत नाही. सॉफ्टवेअरच्या आतली गणना मात्र बहुधा ३२ बिटांच्या तरत्या बिंदूची (फ्लोटिंग पॉइंट) असते, म्हणजे शून्यापलीकडची पातळीही तीत न फाटता मावते. तिथे एखाद्या चॅनेलचा दिवा लाल झाला तरी मुख्य फेडर उतरवून भागते.

सॉफ्टवेअरच्या निवडीवर वाद पुष्कळ होतात, पण मूलभूत क्रिया सर्वत्र सारख्याच आहेत. एफएल स्टुडिओ पॅटर्नच्या, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरायच्या छोट्या रचनांच्या, अंगाने, तर २००१ मध्ये आलेले एबलटन लाइव्ह तुकडे जागच्या जागी वाजवून पाहण्याच्या अंगाने चालते. २००० साली आलेली मोफत ऑडॅसिटी नवशिक्यांना हमखास सुचवली जाते. ती मुळात ध्वनिसंपादक असल्याने मिडीवर रचना शिकण्यास फारशी उपयोगी नाही. शिकण्याच्या क्रमाला ठराविक पाठ्यक्रम नाही. आठ मात्रांचा एक तुकडा पूर्ण करून फाइल बाहेर काढण्यापर्यंत जाणे हा सामान्यतः पहिला टप्पा मानतात. इक्वलायझर (जाड-बारीक स्वरांचा तोल साधणारा), कॉम्प्रेसर (आवाजातला चढउतार आवरणारा) व रिव्हर्ब (घुमारा देणारा) त्यानंतर येतात.

प्रकल्पाच्या फाइलमध्ये बहुधा मुद्रित ध्वनी नसतो, तो कोठे ठेवला आहे याचा पत्ता असतो. ती एकटीच दुसऱ्या संगणकावर नेल्यास ट्रॅक रिकामे उघडतात. त्यासाठी सर्व ध्वनिफाइली एका फोल्डरमध्ये गोळा करून जतन करण्याची सोय बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये दिलेली असते.