‘आरिरांग’ : लोकगीत कुठलं आणि सिनेमातलं कुठलं?

कोरियाचं नाव निघालं की ‘आरिरांग’ कानावर पडतंच, आणि पाठोपाठ ठरलेलं वाक्य येतं : ‘त्यांचं शेकडो वर्षांचं लोकगीत.’ हे अर्धंच खरं. आपण ऐकतो ती चाल बहुतेक वेळा १९२६ च्या, ‘आरिरांग’ याच नावाच्या एका मूकपटातली असते.

मुळात लोकगीत एक नाहीच. युनेस्कोच्या नोंदीत सुमारे ६० प्रकार आणि ३,६०० रूपं आहेत. जोंगसोन भागातलं संथ, मिर्यांगचं ठसक्यातलं, आणि जिन्दो बेटावरच्या ध्रुवपदात तर नाकातून ‘उंग उंग उंग’ घोळवतात. कर्ता कुणीच नाही.

सिनेमाला कर्ता आहे : ना उन-ग्यू. लेखक, दिग्दर्शक, नायक सगळं तोच, तेही तेविसाव्या वर्षी. (जाहिरातीत दिग्दर्शक म्हणून एक जपानी नाव होतं, त्यावरून अभ्यासकांचे वाद अजून मिटलेले नाहीत. मी ना उन-ग्यूच्या बाजूचा.) तेव्हा कोरिया जपानच्या ताब्यात होता. सोलच्या दान्सोंग्सा थिएटरात १ ऑक्टोबर १९२६ ला तो लागला. वेडा झालेला विद्यार्थी योंगजिन बहिणीच्या अब्रूवर उठलेल्या जमीनदाराच्या माणसाला विळ्याने मारतो. रक्त बघताच तो भानावर येतो आणि हात बांधलेल्या अवस्थेत पोलिसांबरोबर खिंडीकडे निघतो. पडदा मुका, पण थिएटरात ‘ब्योन्सा’ म्हणजे निवेदक उभा, वाद्यवृंद हजर, आणि शेवटी गाणं. प्रेक्षकही रडत रडत गायचे, असं सांगतात.

हे गाणं ना उन-ग्यूला मिळालं कुठून? लहानपणी त्याच्या गावी, उत्तरेकडच्या होएर्योंगला, रेल्वेचे रूळ टाकायला दक्षिणेतून मजूर आले होते. त्यांच्या तोंडची ती उदास चाल आठवून आपण शब्द लिहिले आणि चाल दान्सोंग्साच्या बँडकडून बांधून घेतली, असं त्यानेच पुढे सांगितलं. म्हणजे लोकगीत सिनेमात शिरलं आणि बाहेर आलं ते नवं रूप घेऊन. आज ‘मूळ’ म्हणून गातात ते हेच.

ना उन-ग्यू १९३७ मध्ये क्षयाने गेला, वय ३४. सिनेमाची एकही प्रत हाती लागलेली नाही.

तेव्हा ‘मला टाकून जाणाऱ्या सख्या, दहा री जायच्या आत तुझे पाय दुखतील’ (दहा री म्हणजे जेमतेम चार किलोमीटर) हे संथ चालीत ऐकलंत, तर ते सिनेमाचं. नाकातलं ‘उंग उंग’ आलं, तर जिन्दोचं. आणि शोधताना कोरियन दिग्दर्शक किम कि-दुकचा २०११ चा ‘आरिरांग’ हा माहितीपट समोर आला, तर ते तिसरंच प्रकरण.